उशाखालचा विळा

"विंचू, साप, अडलेली बाळंतपणं, असं काहीतरी थरारक लिहा, शमीमबाई," या अंकाचे संपादक फोनवर म्हणाले. मी हो म्हटलं आणि चार दिवस वही उघडून बसले. सापाचं लिहायला घेतलं तर दोन पानांत आटपलं. साप चावल्यावर काय करायचं ते पाठ आहे, त्यात थरार कसला? बाळंतपणांचं म्हणाल तर इतकी केली, की आता जव्हारच्या बाजारात मिशावाले बाप्ये मला बघून लाजतात. शेवटी स्वतःशीच कबूल केलं, की सगळ्या नोकरीत मला खरी धडकी भरली ती एका माणसाच्या झोपेनं. त्यात चूक माझी होती, म्हणून इतकी वर्षं ती गोष्ट कुणाला सांगितली नाही.

मी जव्हारचीच. वडील शिंपी, दुकान बाजारात. नर्सचा कोर्स करून आले तेव्हा पहिली नेमणूक साखरशेतच्या बाजूला मिळाली आणि बदल्या होत होत मोखाडा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मुक्काम पडला. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, लसींचा डबा आणि मी. त्याच्याखाली सात पाडे. लोकांना वाटतं नर्स म्हणजे इंजेक्शन. अहो, इंजेक्शन हा त्यातला सगळ्यात सोपा भाग! पोरांची वजनं, गरोदर बायांच्या नोंदी, तापाच्या माणसाच्या बोटातून काचेवर घेतलेला रक्ताचा थेंब, विहिरीत टाकायची पावडर, आणि या सगळ्याची रजिस्टरं.

पण खरं काम डोळ्यांचं असतं. बाई दारात उभी राहिली की तिच्या पापणीवरून रक्त कमी आहे का ते बघायचं, चालण्यावरून पोट किती खाली आलंय ते बघायचं. मार खाल्लेली बाई तर मी अंगणातूनच ओळखायची. ती आधी "पडले" म्हणते आणि कुठे पडले ते मग आठवत बसते. माझ्या या ओळखीचा मला भारी गर्व होता. तोच नडला.

यमुना पहिल्यांदा आली ती उजवा डोळा काळानिळा करून. पन्नाशीची, काटक, बोलायला कमी. "पाण्याला जाताना पडलू," म्हणाली. मी औषध दिलं, काही बोलले नाही. महिन्याभरानं ओठ फाटलेला आणि पुढचा दात हललेला. "गायीनं शिंग मारला." मी नोंद केली. तिसऱ्या खेपेला तिला श्वास घेताना बरगडीत कळ येत होती. आता मात्र मी दार लावून घेतलं.

"यमुना, खरं सांग. रावजी मारतो ना?"

ती खाली बघत बसली. मग हळूच म्हणाली, "तो मारत नाय, बाई. झोपेत त्याचा हात चालतो."

मी हसले. आज लिहायला लाज वाटते, पण मोठ्यानं हसले. नवऱ्याला वाचवायला बायांनी सांगितलेली कारणं मी किती ऐकली होती. दारू बोलते, अंगात येतं, डोक्यावर ऊन चढतं. आता हे नवीन, झोपेत मारतो! म्हटलं, "आणि जागेपणी काय करतो, पाय चेपतो?"

"जागेपणी तर हळू पण बोलत नाय मना," म्हणाली. म्हणजे चढ्या आवाजातही बोलत नाही, असं तिला सांगायचं होतं. मी ते ऐकूनही घेतलं नाही.

रावजी तिचा नवरा. साठीला टेकलेला. थोडी नाचणी, थोडा भात, आणि बाकी दिवस बांबूकाम. सुपं, टोपल्या, धान्याच्या कणग्या. त्याची बोटं बांबूच्या बेळांवरून, म्हणजे सोललेल्या पातळ पट्ट्यांवरून, अशी चालायची की बघत राहावं. दारू होळीपुरती. माणूस इतका गरीब बोलायचा, की मला त्याचाच जास्त संशय आला. असलेच आत एक आणि बाहेर एक असतात, असं मी आमच्या आशाताईला, सुनंदाला, ठासून सांगितलं. आशा म्हणजे पाड्यातलीच बाई, आरोग्य खात्याची घरोघर फिरणारी कार्यकर्ती. सुनंदा म्हणाली, "सिस्टर, रावजीकाका तसा नाय वाटत." मी म्हटलं, "तुझं लग्न होऊन किती वर्षं झाली?"

बचत गटाच्या बायांची बैठक शाळेच्या ओसरीवर भरायची. तिथे मी रावजीला बोलावून घेतला. वीस-बावीस बाया, मध्ये तो एकटा, हातात टोपी. मी सगळ्यांदेखत विचारलं, "यमुनाच्या बरगडीला काय झालं?"

त्यानं खरं सांगितलं. तेच त्याचं चुकलं.

"बाई, नाचणीत डुक्कर शिरला होता. मोठा, दात काढलेला. मी त्याला लाथ घातली. उठून बघतो तर ही रडत होती."

मग एक बाई म्हणाली, "म्हंजे बायको डुक्कर झाली का रे?" आणि ओसरी हसण्यानं दणाणली. मीही हसले. यमुना पदर तोंडाशी धरून उठून गेली. मी रावजीला कान धरून कबूल करायला लावलं, की पुन्हा हात उगारणार नाही. साठीच्या माणसानं बावीस बायांसमोर कान धरले. त्या दिवशी घरी जाताना जीपमध्ये मला वाटत होतं, आज काहीतरी काम झालं.

त्यानंतर पाड्यातली पोरं त्याला बघून डुकरासारखी घुरघुरायला लागली. बाया सूप न्यायला त्याच्याकडे जाईनात, दुसऱ्या पाड्यातून आणू लागल्या. यमुना उपकेंद्रात यायची बंद झाली. मला वाटलं, मार थांबला. अहो, मार कुठला थांबायला! ती फक्त मला दाखवायची थांबली होती.

दरम्यान रावजी भगताकडे गेला. आमच्याकडे डॉक्टरच्या आधी भगत, त्यात नवल नाही. भगतानं सांगितलं, झोपेत काहीतरी छातीवर बसतं, उशाला लोखंड ठेव. रावजीनं आपला विळा गोधडीच्या उशाखाली ठेवला. बीपी तपासायला म्हणून मी त्यांच्या घरी गेले होते तेव्हा तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. पातं आत, मूठ बाहेर. मी विचारलं, "हे काय?" रावजी ओशाळून म्हणाला, "वंगाळ सपनासाठी." आणि मी काय म्हणाले? "असू दे. मनाला बरं वाटतं."

का म्हणाले तेही सांगते. लोखंड उशाशी ठेवायची रीत एकट्या पाड्याची नाही. मी बाळंत झाले तेव्हा माझ्या आईनंही उशीखाली सुरी ठेवली होती, आणि शेजारच्या जोशीकाकूंनी त्यांच्या सुनेच्या उशाला अडकित्ता ठेवलेला मी पाहिलाय. शिवाय आम्हाला प्रशिक्षणात बजावून सांगायचे, की ज्या रिवाजानं नुकसान नाही त्याला हात लावू नका. विळा उशाखाली पडून राहिला तर कुणाचं नुकसान होणार? मी रजिस्टरात बीपी लिहिलं आणि निघाले.

पावसाळा सरत आला होता तेव्हा एके दिवशी भर दुपारी रावजी उपकेंद्रात आला. इतक्या दिवसांनी तो माझ्या दारात, मला जरा अवघडल्यासारखंच झालं. डोळे तांबडे, गाल बसलेले. बाकावर टेकला आणि म्हणाला, "बाई, झोप येऊ नये अशी गोळी द्या."

झोप यावी म्हणून गोळी मागणारे मी शेकड्यांनी पाहिले. हा पहिलाच. म्हटलं, "म्हणजे काय?"

त्यानं बाही वर केली. मनगटाला गोल जखम होती, सुंभ घासून झालेली. काही ठिकाणी जुनी, काही ठिकाणी ओली. तो रोज रात्री स्वतःचा हात घराच्या मेढीला, म्हणजे मधल्या खांबाला, बांधून झोपत होता. "सुंभ तुटला परवा," तो म्हणाला. "हिच्या मानेवर हात पडला. मी हिला मारून टाकीन, बाई. एक दिवस उठीन आणि ही उठणार नाय." आणि तो रडायला लागला. बोटं तोंडावर, खांदे हलतायत, आवाज नाही.

त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस खरं बोलत असला तर? आणि पहिल्यापासून खरंच बोलत असला तर?

मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. विचारलं. कधी होतं? "पहाटे, कोंबड्याच्या आधी." डोळे उघडे असतात का? ते त्याला कसं कळणार, पण यमुना म्हणते मिटलेले. हाक मारली की? "लगेच जाग येते." काय चाललं होतं ते आठवतं? "सगळा आठवतो. डुक्कर, नायतर कोणीतरी माणूस मागं लागलेला. नेहमी कोणीतरी अंगावर येतो, आणि मी हिला वाचवायला मारतो." ते शेवटचं वाक्य मी आजही विसरले नाही. तिला वाचवायला म्हणून तो मारत होता, आणि मार बसत होता तिलाच.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तेव्हा एक तरुण डॉक्टर नवीन आले होते. त्यांना फोन लावला. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. "सिस्टर, हे मी पुस्तकात वाचलंय, पाहिलेलं नाही," म्हणाले. "फिट असू शकते, झोपेत चालण्याचा प्रकार असू शकतो, किंवा तिसरंच काही. कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. नाशिकच्या मेंदूच्या डॉक्टरांना पाठवता येईल." रावजीच्या घरी साधा फोन, त्यालाही रेंज नाही. सुनंदानं आपला फोन यमुनेला दिला, बटण कुठलं दाबायचं ते तीनदा शिकवलं. जाताना मी रावजीला म्हटलं, "हात बांधू नका आता. जखम चिघळेल." बघा, आणखी एक शहाणपण.

चार दिवसांनी मोखाड्याला तालुक्याची मासिक सभा होती. बाजाराचा दिवस, पंचायत समितीच्या आवारात ही गर्दी. सुनंदा सकाळी यमुनेकडून फोन घेऊन तिथे आली. दुपारी चहाच्या सुट्टीत आम्ही दोघी जिन्याखाली उभ्या राहिलो आणि तिनं व्हिडिओ लावला.

बल्बचा पिवळा उजेड. फोन कशाला तरी टेकवलेला, चित्र तिरकं. रावजी उताणा. डोळे गच्च मिटलेले. पाय सायकल मारल्यासारखे चाललेले. मग ओरडला, शब्द कळेना, पण आवाज असा की तो गरीब माणूस जागेपणी कधी काढणार नाही. बाजूच्या गोधडीवर दोन ठोसे. तिथे यमुना नव्हती, ती फोनमागे होती, म्हणून बरं. मग त्याचा उजवा हात डोक्याकडे गेला. उशीशी चाचपडला. उशीखाली शिरला, मनगटापर्यंत. आणि तेवढ्यात यमुनेचा आवाज, "उठ रे, उठ! मी आहू इथं." आमच्या डोंगरात नवरा-बायको एकमेकांना अरेतुरेच करतात. त्यानं डोळे उघडले, हात उशीखालून काढला. रिकामा. व्हिडिओ संपला.

सुनंदा म्हणाली, "बापरे, किती जोरात मारला." तिचं लक्ष ठोशांकडे होतं. माझ्या डोळ्यांपुढे विळ्याची मूठ. पातं आत, मूठ बाहेर.

मी तिला विचारलं, "सुनंदा, हा कधीचा?"

"कालचा पहाटेचा."

"आणि आज सकाळी यमुनेला तू पाहिलीस? तुझ्या डोळ्यांनी?"

"तिनंच दिला ना फोन. का, सिस्टर?"

म्हणजे आजपर्यंत ठीक. आणि उद्या पहाट आहेच. हात मोकळा आहे, कारण बांधू नको असं मीच सांगितलं. विळा तिथे आहे, कारण असू दे असं मीच म्हटलं. दोन्ही माझ्याच सल्ल्यानं! तिथे फोन लागत नाही. मी सभेत परत गेलेच नाही. पर्स खुर्चीवर राहिली, ती दुसऱ्या दिवशी मिळाली.

बाजाराच्या दिवशी जीप माणसांनी भरल्याशिवाय हलत नाही. ड्रायव्हर ओळखीचा. "बाई, अजून सहा पाशिंजर," म्हणाला. मी ओरडले, "चल म्हणते ना! माणूस मरेल!" त्याला वाटलं बाळंतपण आहे. निघाला बिचारा. अर्ध्या वाटेत बकऱ्यांचा कळप आडवा, मग एक म्हातारी उतरताना तिची कोंबडी सुटली, ती पकडेपर्यंत सगळे थांबले. मी मनात कुराणातली आयतुल कुर्सी म्हणत होते आणि मध्येच त्या कोंबडीला शिव्या देत होते. जीपच्या फाट्यापासून पाडा पाऊण तास चढ. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. सुनंदा मागून म्हणत होती, "सिस्टर, हळू, अजून दिवस आहे." मला कळत होतं पहाटेला खूप वेळ आहे. पण तो माणूस कित्येक रात्री नीट झोपला नव्हता. दुपारीच डोळा लागला तर?

अंगणात पोचले तेव्हा यमुना दिसेना. चुलीवर भात रटरटत होता आणि जवळ कोणी नाही. "यमुना!" मी हाक मारली. उत्तर नाही. घरात अंधार. रावजी भिंतीशी आडवा, डोळे मिटलेले. मी दारातच थिजले. तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई? आता कशा आल्या?" यमुना डोक्यावर हंडा घेऊन उभी होती. मी तिला हंड्यासकट मिठी मारली. निम्मं पाणी माझ्या अंगावर सांडलं. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा.

आत जाऊन मी सरळ उशीखाली हात घातला आणि विळा ओढून काढला. रावजी दचकून उठला. "बाई, तो काढू नका! तो आहे म्हणून छातीवर कोण बसत नाय."

"रावजीभाऊ, तो आहे म्हणून यमुना जाईल," मी म्हटलं आणि व्हिडिओ दाखवला. त्यानं स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. हात उशीखाली शिरला तिथे त्यानं फोन माझ्या हातात परत दिला आणि अंगणात जाऊन ओकला.

तरीही लोखंड घरातून न्यायला त्याचं मन धजेना. भीती त्यालाही होती, फक्त दुसऱ्या टोकाची. मी भांडत बसले नाही. तशीच भगताच्या घरी गेले. म्हातारा विडी ओढत बसला होता. विचारलं, "बाबा, लोखंड उशाखालीच पाहिजे का? घरात दुसरीकडे चालेल?" त्याला सगळं सांगितलं. त्यानं विडी विझवली. मग म्हणाला, "लोखंड घरात पायजे. उंबऱ्यात पुरला तर अजून बरा. जा आता, अंधार व्हायच्या आत पुरा." मी त्याच्या पाया पडायचीच बाकी होते. पाटा-वरवंटा, कोयता, कुऱ्हाड बाहेर पडवीत गेली. विळा उंबऱ्याखाली गेला आणि अजून तिथेच आहे.

पुढच्या आठवड्यात मी दोघांना घेऊन नाशिकला गेले. तिथल्या मोठ्या दवाखान्यात रावजीला एक रात्र डोक्याला, छातीला, पायाला वायरी लावून झोपवलं. सकाळी मेंदूच्या डॉक्टरांनी समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगते. आपल्याला स्वप्न पडतं तेव्हा मेंदू शरीराला कडी लावतो. श्वास चालू, डोळ्यांची बुबुळं चालू, बाकी हातपाय बंद. म्हणून स्वप्नात आपण कितीही पळालो तरी गोधडीतच असतो. काही माणसांची, जास्त करून उतारवयातल्या पुरुषांची, ही कडी निखळते. मग स्वप्नात जे चाललं ते हातपाय खरोखर करतात. झोपेत चालणारे वेगळे. ते बहुधा रात्रीच्या सुरुवातीला उठतात, डोळे उघडे ठेवून फिरतात आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. हे पहाटेकडे होतं, डोळे मिटलेले असतात, आणि उठवलं तर स्वप्न बहुतेक जसंच्या तसं आठवतं. वेड नाही, भूत नाही, आणि स्वभावाशी तर काहीच संबंध नाही. "फार शांत माणसंही स्वप्नात मारामाऱ्या करतात," डॉक्टर म्हणाले. यमुना माझ्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर बघत होते.

झोपण्याआधीची एक छोटी गोळी, दोघांनी वेगळं झोपायचं, आजूबाजूला टणक काही ठेवायचं नाही. एवढंच. मग डॉक्टरांनी रावजीला एक विचारलं, "बाबा, वास येतो का? भात शिजतो त्याचा, फुलांचा?" रावजी म्हणाला, "दोनतीन वर्षं झाली, नाय येत." डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

ते दोघं बाहेर गेल्यावर मला थांबवून म्हणाले, "सिस्टर, यातल्या बऱ्याच जणांना पुढे, कधी कधी खूप वर्षांनी, हात थरथरण्याचा आजार येतो. चाल मंदावते, बोटं ऐकत नाहीत. सगळ्यांना नाही. यांना येईल का ते आज सांगता येणार नाही. ते आज फार थकलेत, पुढच्या खेपेला मी सविस्तर बोलतो. तोवर लक्ष ठेवा."

पुढची खेप झालीच नाही. गोळ्या ग्रामीण रुग्णालयात मिळायला लागल्या आणि नाशिक राहून गेलं. सांगायचं माझ्यावर आलं. आणि मी सांगितलं नाही. बांबूवर जगणाऱ्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगू, की बाबा, कदाचित तुझी बोटं जातील? आज नको, पाऊस होऊ दे. आता नको, माझ्या लेकीचं लग्न आहे. असं करत माझी निवृत्ती आली. दर खेपेला मी त्याच्याशी गप्पा मारताना त्याच्या हातांकडे बघायची आणि घरी येऊन झोपेची वाट लागायची.

एक गोष्ट मात्र केली. त्याच ओसरीवर, त्याच बायांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "रावजीभाऊ खरं बोलत होता. मी खोटी ठरले." मी स्वतःचे कान धरले. कुणी हसलं नाही. मग डुक्कर म्हणणारी तीच बाई म्हणाली, "बाई, आता खाली बसा, तुमच्या कानाला सुई टोचायची हाय काय?" तेव्हा हसले सगळे. रावजी खांबाशी बसून बेळा सोलत होता. त्यानं वर बघितलं नाही.

वेगळं झोपायचं तर घर एका खोलीचं. आणि आमच्याकडे घरात मध्ये कूड उभा केला, म्हणजे काठ्यांची भिंत घातली, तर अख्खा पाडा म्हणतो यांचं घर फुटलं. भाऊ वेगळे होतात तेव्हाच मधला कूड उभा राहतो. यमुनेला ते नको होतं. शेवटी रावजीनंच बांबूचं तट्टं विणलं, कमरेएवढं उंच, मऊ, आतून जुन्या गोधड्या शिवलेल्या. रात्री उभं करायचं, सकाळी गुंडाळून ठेवायचं. दिवसा पाहुणा आला तर काही दिसत नाही. वीण मुद्दाम थोडी विरळ ठेवली. का, तर यमुना म्हणाली, "त्याचा श्वास ऐकू आला पायजे. नायतर मना झोप लागत नाय."

निवृत्त होऊन मला आता तीन वर्षं झाली. मी जव्हारला असते. यंदा दसऱ्यानंतर सुनंदाचा फोन आला, "रावजीकाका तुम्हाला बोलवतो." माझ्या मनात नको ते आलं. पुन्हा तीच जीप, तोच चढ, आणि गुडघे आणखी म्हातारे. अंगणात यमुना नाचणी वाळत घालत होती. धडधाकट. रावजी ओट्यावर. मी जवळ गेले आणि पहिल्यांदा त्याच्या हातांकडेच बघितलं. उजवा हात मांडीवर, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होते, जणू नसलेली बेळ सोलतायत. थांबत नव्हते.

मी त्याच्या शेजारी बसले. इतकी वर्षं पाठ केलेली वाक्यं एकही आठवेना. कसंबसं म्हटलं, "रावजीभाऊ, माझी तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली."

"ठाव हाय," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "नाशिकच्या दाकतरानं वासाचा विचारला ना, तवाच मना वाटला, हे इथं थांबणार नाय. पुढच्या वर्षी सुनंदाच्या फोनवर तिच्या पोरीनं मना पुढं काय होतो ते वाचून दाखवला. तुमी येऊन माझ्या हातांकडं बघायच्या. मी म्हणायचा, बाईला सांगायला जड जातो. जाऊं दे."

तो उठला, बारीक पावलं टाकत आत गेला आणि मला माळ्याकडे बोट दाखवलं. तिथे बांबूची तट्टी गुंडाळून ओळीनं ठेवली होती. सुतळीनं बांधलेली, धूर लागून पिवळसर झालेली. मी मोजली. सहा.

"एक पाच-सहा वर्षं जातो," रावजी म्हणाला. "हात चालत होते तोवर विणून ठेवली. मी कसा पण झालो तरी हिला झोपायला पुरतील." मग यमुनेकडे बघून म्हणाला, "सगळ्यांची वीण विरळ ठेवली हाय."